‘काम चालू आहे’ म्हणजे नक्की कुणाकडे?

पत्राचा सारांश: वाचक पुण्यात राहतात, वय पस्तिशीच्या आसपास, दोघंही नोकरी करतात, मुलगी तिसरीत आहे. जूनमध्ये त्यांनी सिंहगड रस्त्यावरच्या एका जुन्या सोसायटीतला टू बीएचके पसंत केला. व्यवहार ७८ लाखांना ठरला, २ लाख विसार दिला. फ्लॅट विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर आहे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. घरात आई, विकणारा मुलगा आणि दोन बहिणी, एक नाशिकला आणि एक टोरांटोला. वडिलांच्या कर्जाचे सुमारे ६ लाख अजून फेडायचे आहेत. मुलाचं म्हणणं, ‘नॉमिनी मीच आहे, बहिणींच्या सह्या म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी.’ चार महिने होत आले. एजंटला विचारलं की ‘ताई, काम चालू आहे’, विक्रेत्याला विचारलं की ‘पुढच्या आठवड्यात होईल’. बँकेचं कर्ज मंजूर आहे, त्याची मुदत संपत चालली आहे. घरमालकाला दिवाळीपर्यंत जागा सोडतो म्हणून सांगून बसल्या आहेत. रोज सकाळी फोन करतात, तर नवरा म्हणतो, ‘इतकं मागे लागलीस तर तो व्यवहारच मोडेल.’ त्या विचारतात: ‘समोरचा काही करतोय की नुसता झुलवतोय, हे ओळखायचं कसं? आणि पाठपुरावा किती करायचा?’

*

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली. ‘विक्रेता’ हा शब्द तुम्ही सगळीकडे एकवचनी वापरलाय. तो करत नाही, तो सांगत नाही, तो टाळतो. पण तुम्हीच दिलेल्या माहितीवरून हे घर विकणारा एक माणूस नाहीच. आई, मुलगा आणि दोन मुली, अशी चार माणसं आहेत. शिवाय सोसायटीची कमिटी आहे, वडिलांचं कर्ज असलेली बँक आहे. तुम्ही रोज सकाळी ज्यांना फोन करता त्या दादांच्या, म्हणजे विकणाऱ्या मुलाच्या, हातात यातलं फार थोडं आहे. त्यांच्या ‘पुढच्या आठवड्यात’मध्ये लबाडी असेलही, पण बहुतेक वेळा अशी उत्तरं स्वतःलाच नीट माहीत नसलेला माणूस देतो. बहीण म्हणते बघते, सेक्रेटरी म्हणतो मीटिंगमध्ये ठेवतो, बँकेतला माणूस म्हणतो मेल करा. या सगळ्याची बेरीज करून दादा तुम्हाला ‘होईल’ म्हणतात.

म्हणून ‘कुठवर आलं?’ हा प्रश्न आधी सोडून द्या. त्याचं उत्तर नेहमी ‘होत आलंय’ असंच येतं. त्याऐवजी, कुठला कागद आत्ता कुणाकडे आहे, एवढंच विचारायचं. कागदाला नाव असतं, तारीख असते, आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवता येतो.

आता त्या ‘फॉर्मॅलिटी’कडे येऊ. सगळ्यात मोठी गाठ तिथे आहे, आणि ती तुम्ही पत्रात एका ओळीत उरकली आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने सभासद गेल्यावर कुणाशी व्यवहार करायचा याची ती सोय आहे. घरावरचा हक्क वारसांचा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुली यांचा हिस्सा समान. म्हणजे टोरांटोच्या ताईंची सही ही दादांच्या सहीइतकीच वजनदार आहे. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. वडील गेले तेव्हा त्यांची आई, म्हणजे या भावंडांची आजी हयात होती का? असेल तर तीही पहिल्या वर्गातली वारस. आजी नंतर गेली असेल, तर तिचा तो वाटा पुढे तिच्या वारसांकडे जातो, म्हणजे काका-आत्यांपर्यंत. असे व्यवहार शेवटच्या टप्प्यात बँकेच्या वकिलाच्या टेबलावर अडतात, आणि मग सगळे एकमेकांकडे बघत बसतात. तेव्हा पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचारा: मृत्युपत्र होतं का, आणि आजी कधी गेल्या. विचारायला अवघड वाटेल, पण ७८ लाखांचा व्यवहार करताना एवढं विचारलं म्हणून कुणी राग धरत नाही. धरलाच, तर ती माहितीच समजा.

बहिणींनी काय करायचं, याचे दोन रस्ते आहेत. एक, त्या नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून आपला हिस्सा आईच्या किंवा भावाच्या नावे सोडतात, आणि मग उरलेले तुम्हाला विकतात. जवळच्या नात्यात, मोबदला न घेता केलेल्या अशा पत्राला मुद्रांक शुल्क सहसा नाममात्र लागतं. दोन, कुणीही काही सोडत नाही, चौघंही ‘लिहून देणार’ म्हणून तुमच्या करारनाम्यावर सह्या करतात आणि आपापले पैसे घेतात. दोन्हीत टोरांटोच्या ताई पुण्यात येणार नसतील तर त्यांना सहसा तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र करावं लागेल. तो मूळ कागद कुरिअरने इथे आला पाहिजे, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरलं गेलं पाहिजे. मेलवर आलेल्या स्कॅनने काही होत नाही.

दुसरा रस्ता घेतला तर तुमच्या डोक्यावर एक जबाबदारी येते. घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली की खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, हे बहुतेकांना आता माहीत झालंय. पण तो नियम भारतात राहणाऱ्या विक्रेत्यांसाठी. अनिवासी विक्रेत्याच्या वाट्यावर वेगळ्या नियमाने आणि बऱ्याच जास्त दराने कर कापावा लागतो. तो कापला नाही, तर आयकर खातं दादांकडे जात नाही, तुमच्याकडे येतं. म्हणून भावाबहिणींनी कुठला रस्ता ठरवलाय हे तुम्हाला आजच कळायला हवं. तो त्यांचा घरगुती प्रश्न आहे असं समजून गप्प बसू नका.

तुमच्या पत्रावरून माझा अंदाज असा की घोडं इथेच अडलंय. सोसायटीमुळे नाही, बँकेमुळेही नाही. बहिणींमध्ये एकमत झालंय का, एवढाच प्रश्न आहे. ते झालं असेल तर वकिलातीची अपॉइंटमेंट घेणं ही काही चार महिन्यांची गोष्ट नव्हे. अंदाज चुकीचाही असेल. पण तपासायला सोपा आहे: अपॉइंटमेंटची तारीख मागा. तारीख मिळाली तर गाडी हलली. ‘तिला वेळ नाही’ असं तिसऱ्यांदा ऐकलंत, तर तिला वेळ नाही असं नसून तिची तयारी नाही, असं धरून चाला.

आणि आई? पत्रात त्या एकाच वाक्यात येतात, ‘आई आता मुलाकडे राहते.’ तुम्ही त्यांना भेटलात का? कागद घेऊन नव्हे, साध्या भेटायला. ज्या घरात संसार केला ते विकायला त्या मनापासून तयार आहेत की मुलाने ठरवलं म्हणून गप्प आहेत, हे अर्ध्या तासात कळतं. त्या बरोबरीच्या मालक आहेत. त्यांचं मन नसेल तर तुमचा व्यवहार सब-रजिस्ट्रारच्या कॅमेऱ्यासमोर अंगठा देतानाही थांबू शकतो. थांबावाही. त्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं. यात त्यांना पटवायला जाऊ नका. ऐकायला जा.

आता फोनबद्दल. तुमच्या नवऱ्याची भीती मला अर्धीच पटते. चोख विचारणाऱ्या खरेदीदारामुळे खरा विक्रेता व्यवहार मोडत नाही, उलट त्याला बरं वाटतं की हा माणूस पैसे घेऊन तयार आहे. पण रोजचा फोन वेगळा. त्याने समोरचा कानकोंडा होतो आणि फोन ठेवण्यासाठी काहीतरी सांगून मोकळा होतो. म्हणजे ज्या थापांचा तुम्हाला त्रास होतोय त्यातल्या काही तुमच्याच सकाळच्या फोनने तयार होतात. आठवड्यातून एक दिवस ठरवा, शनिवार म्हणा, आणि लिहून विचारा. दोनच प्रश्न, तेही कागदाचे. साधारण असं:

‘नमस्कार दादा. १) ताईंची वकिलातीची अपॉइंटमेंट कोणत्या तारखेची मिळाली? झाली असेल तर कुरिअरच्या पावतीचा फोटो पाठवाल का? २) बाबांच्या कर्जाचं फोरक्लोजर स्टेटमेंट (कर्ज बंद करायला किती भरायचं त्याचा हिशेब) आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी मागवली का? आमच्याकडून: कर्जमंजुरी नोव्हेंबरअखेरपर्यंत आहे, आमच्या वाट्याची रक्कम तयार आहे, आमचे वकील वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीचा (घरावर कुणाचा हक्क असेल तर कळवा, अशी) मसुदा या आठवड्यात देतील. काही लागलं तर सांगा.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. चार महिने तुम्ही फक्त विचारताय, तुमच्या बाजूला काय झालंय हे त्यांना तरी कुठे माहीत आहे? विकणाऱ्यालाही धास्ती असते की पार्टी ऐनवेळी कर्ज नाही म्हणून पाठ फिरवेल. आपण आपली खबर द्यायला लागलो की समोरचाही देतो, असा अनुभव आहे. आणि लेखी विचारल्याचा आणखी एक फायदा, उद्या विसार परत मागायची वेळ आलीच तर कुणी कधी काय म्हटलं ते तारखेनिशी समोर असतं.

काही गोष्टी तर कुणाला विचाराव्याच लागत नाहीत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे, मोफत. जिल्हा, गाव, मिळकतीचा क्रमांक टाकला की नोंदलेल्या दस्तांची सूची दिसते. सूची क्रमांक २, सगळे जिला इंडेक्स टू म्हणतात, उघडून बघा: विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, दस्त करून देणाऱ्याचं नाव, करून घेणाऱ्याचं नाव, नोंदणीची तारीख, अनुक्रमांक. हक्कसोड पत्र झालं असं तुम्हाला सांगितलं आणि काही दिवसांनी ते तिथे दिसलं, तर ते झालं. वडिलांच्या मूळ करारनाम्याची नोंद बघा. याच घरावर आणखी कुणाशी करार झालाय का, तेही तिथेच समजायची शक्यता असते. संकेतस्थळ अधूनमधून रुसतं, कॅप्चा चारचारदा टाकावा लागतो, रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करा. जुन्या नोंदींसाठी मात्र वकिलाकडून रीतसर सर्च रिपोर्टच घ्यायचा, ऑनलाइन शोध त्याची जागा घेत नाही.

सोसायटीचं तुम्ही लिहिलंय की एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, अडकली आहे, चेअरमन बाहेरगावी आहेत. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट हस्तांतरित करायला सोसायटीची एनओसी बंधनकारक नाही. हस्तांतराच्या इराद्याची १५ दिवसांची नोटीस द्यायची असते. पण बँका एनओसी मागतात, म्हणून ती घ्यावी लागते. तुमच्या बाबतीत त्याआधी आणखी एक पायरी आहे: शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटीतल्या सभासदत्वाच्या दाखल्यावर, अजून वडिलांचंच नाव असणार. ते वारसांच्या नावे झालं का? त्याचा अर्ज गेला का, आणि त्यावर सोसायटीचा पोचशिक्का आहे का? पोचशिक्का नसलेला अर्ज गेलाच नाही असं समजायचं. फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते त्या हस्तांतर प्रीमियमची कमाल मर्यादा महापालिका क्षेत्रात २५,००० रुपये आहे. त्याहून जास्त ‘ऐच्छिक देणगी’ मागितली तर ती ऐच्छिकच आहे हे नम्रपणे सांगता येतं. हा खर्च कोण करणार हे मात्र तुमच्या विसार पावतीत नसावं, असा मला संशय आहे.

कर्जाचं त्या मानाने सोपं. तुमची बँक ती ६ लाखांची रक्कम थेट त्यांच्या बँकेत कर्जखात्यावर भरू शकते, दादांच्या हातात द्यायची गरज नाही आणि देऊही नका. कर्ज पूर्ण फिटलं की ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. तरी हे कागद बऱ्याचदा दुसऱ्याच गावातल्या गोदामात असतात. म्हणून कागदांची यादी आत्ताच मागवून ठेवायची. यादीत मूळ करारनामा आहे ना, एवढं नजरेखालून घाला.

विसार पावतीचा फोटो तुम्ही सोबत जोडला होता. एक पान, रेव्हेन्यू स्टॅम्प, दादांची एकट्याची सही, आणि ‘लवकरात लवकर करारनामा करण्याचे ठरले’. या पावतीत एकही तारीख नाही. मुदतच नाही, तर उशीर कशाच्या तुलनेत मोजणार? समोरचा झुलवतोय का, हा तुमचा प्रश्न या पावतीवरून सुटणारच नाही, कारण त्याने कुठलाही शब्द मोडलेला नाही. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात नुसती तारीख उलटली म्हणून करार मोडला असं न्यायालयं सहसा मानत नाहीत. मुदत पाळणं ही या कराराची मूळ अट आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं असावं लागतं.

तेव्हा एका संध्याकाळी सगळ्यांना तुमच्या वकिलांच्या ऑफिसात बोलवा. आई, दादा, नाशिकच्या ताई, आणि टोरांटोच्या ताई व्हिडिओ कॉलवर. तिथे सकाळ असेल, अडचण नाही. एजंटलाही बोलवा, त्याची दलाली पणाला लागलेली आहे, तो जमवून आणेल. आणि पुरवणी समजुतीचा करार करा, आई आणि नाशिकच्या ताईंच्या सह्यांसकट. टोरांटोच्या ताईंकडून निदान त्यांच्या स्वतःच्या मेलवरून संमती घ्या. तारखा मात्र सरसकट घालू नका, एकीत दुसरी गुंफा: मुखत्यारपत्र अमुक तारखेपर्यंत भारतात येईल, ते आल्यापासून इतक्या दिवसांत हक्कसोड पत्र, त्यानंतर ३० दिवसांत करारनामा. पहिली तारीख चुकली तर विसार इतक्या दिवसांत बिनव्याजी परत. बिनव्याजी हे मुद्दाम म्हणतेय. व्याजावरून अडून बसलात तर परतीचं कलमच निसटेल. बहिणींच्या सह्या होईपर्यंत आणखी एक रुपयाही देऊ नका. एकट्या दादांबरोबर साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, नोंदवायचा सल्ला एजंट देईल. त्याने फार तर दादांचा हिस्सा बांधला जाईल, घर नाही.

भेटीला यायचंच कुणी टाळलं, तर विसार परत मागा आणि दुसरी घरं बघायला लागा. खरं तर बघणं आत्ताही थांबवू नका. जून ते सप्टेंबर तुम्ही एकही घर पाहिलेलं नाही, त्यामुळे हेच घर मिळालं नाही तर जग बुडेल असं तुम्हाला वाटायला लागलंय. सिंहगड रस्त्यावर विकाऊ टू बीएचकेंचा दुष्काळ नाही.

घरमालकाशी मात्र याच आठवड्यात बोला. दिवाळी विसरा. सगळं सुरळीत झालं तरी मुखत्यारपत्र, जाहीर नोटिशीचे पंधराएक दिवस, तुमच्या बँकेच्या वकिलाचा अहवाल, कर्जवाटप, त्यांचं कर्ज बंद होणं, एवढं दिवाळीच्या आत बसत नाही. लिव्ह अँड लायसन्स संपत असेल तर पूर्ण अकरा महिन्यांऐवजी एक महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल असा मागा, भाडं थोडं वाढवून द्यावं लागलं तरी द्या. कर्जमंजुरीची मुदत वाढवायचा अर्जही मुदत संपायच्या आत करा. आधी केला तर बहुतेक वेळा नव्या सॅलरी स्लिपांवर भागतं, नंतर केला तर सगळी फाईल पुन्हा आणि व्याजदर त्या दिवसाचा. आणि मुलीची शाळा वर्षाच्या मध्यात बदलायचा विचार असेल तर तो तूर्त बाजूला ठेवा. सध्याच्या शाळेत पुढच्या सत्राची फी भरून टाका.